सुटण्याची सोय

जुन्या पॉवरबुकचं झाकण उघडताना बिजागरीपाशी बारीकसा 'कट्' आवाज आला, तर हात तिथेच थांबवावा. आत काय झालंय ते आता मला न उघडताही सांगता येतं. ॲपलने पॉवरबुक १७० हे यंत्र ऑक्टोबर १९९१मध्ये बाजारात आणलं. कीबोर्ड मागे सरकवायचा, पुढे मनगटं टेकायला मोकळी जागा ठेवायची आणि त्या जागेच्या मधोमध ट्रॅकबॉल बसवायचा, ही मांडणी या मालिकेने रुळवली. ट्रॅकबॉलच्या जागी पुढे टचपॅड आला, बाकी आजचे लॅपटॉप तसेच आहेत. इतका दूरचा विचार केलेल्या या यंत्राचा पडदा मात्र थोड्याशा प्लास्टिकवर तोलला आहे. बिजागरी स्क्रूंनी पितळी नटांत आवळलेली आणि ते नट प्लास्टिकच्या पोकळ खुंटांमध्ये रुतवलेले. तीसेक वर्षांत बिजागरी जड होते आणि त्याच काळात प्लास्टिक ठिसूळ होत जातं. झाकण उघडणाऱ्या हाताचा सगळा जोर मग त्या खुंटांवर येतो आणि एक दिवस नट प्लास्टिकचा कपचा सोबत घेऊन बाहेर पडतो.

माझ्याकडचं पॉवरबुक आतेभावाने सनीव्हेलहून येताना आणलेलं. तिथल्या पहिल्या नोकरीत त्याने ते जुन्यातलं घेतलं होतं. पुण्यात आल्यावर त्याचा तो खुंट निखळला आणि यंत्र माझ्या टेबलावर आलं. शेजारी भाचा बसला होता. त्याने आत वाकून पाहिलं आणि लगेच उठला.

"मावशी, फेविक्विक घेऊन येऊ? दोन मिनिटांत बसेल."

"बसेल रे. पण पुन्हा सोडवायची वेळ आली तर?"

"सोडवायचं कशाला?"

त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तोच असतो. जो जोड कधीच सुटत नाही तो चांगला, हे फेविकॉलच्या जाहिरातींनी आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे आणि लाकडाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. १९५९ साली बळवंत पारेख यांनी तो पांढरा गोंद बाजारात आणला तेव्हा सुतारांची सरस शिजवण्यातून सुटका झाली. पण जुन्या संगणकाचं कवच म्हणजे लाकूड नाही. शिवाय त्या कवचाच्या आत पुन्हा पुन्हा जावं लागतं. बॅटरी गळते, कपॅसिटरमधलं रसायन बोर्डावर उतरतं, डिस्क ड्राइव्हचं वंगण घट्ट होतं. हे यंत्र आज मी उघडलं, उद्या दुसरं कुणीतरी उघडणार आहे. तेव्हा गोंद निवडताना त्या दुसऱ्या माणसाचा विचार मला आधी करावा लागतो.

फेविक्विक ज्या जातीचा, त्या सायनोॲक्रिलेटची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ईस्टमन कोडॅकमधले हॅरी कूवर बंदुकीच्या नेमदर्शकांसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेलं हे रसायन ज्याला लागेल त्याला चिकटून बसे, म्हणून त्यांनी ते बाजूला टाकलं. १९५१ साली जेट विमानांच्या काचेसारख्या छतांसाठी काम चालू असताना त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी तेच रसायन प्रकाशाचं वक्रीभवन मोजणाऱ्या महागड्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये पसरलं आणि लोलक सुटेनात. तेव्हा कूवरना उमगलं की आपल्या हाती काय आहे. १९५८ साली ते 'ईस्टमन ९१०' या नावाने विकायला आलं.

हा गोंद वाळून घट्ट होत नाही. पृष्ठभागावर नेहमीच असलेल्या ओलाव्याच्या सूक्ष्म थराने त्याची अभिक्रिया सुरू होते आणि रेणूंच्या साखळ्या सेकंदांत तयार होतात. म्हणून दोन तुकडे एकमेकांत बिनफटीचे बसत असतील तर तो उत्तम काम करतो आणि फट असेल तिथे लंगडा पडतो. सरळ ओढलं तर जोड दाद देत नाही. सोलल्यासारखा ताण आला किंवा झटका बसला की तडकतो. बिजागरीच्या खुंटावर नेमका हाच ताण येतो. शिवाय जमताना त्याची वाफ उडते आणि आजूबाजूच्या गडद प्लास्टिकवर पांढुरकं धुकं धरतं. पॉवरबुकच्या काळपट करड्या झाकणावर ते अगदी डोळ्यांत भरतं. कोकणात, पावसाळ्यात, हवेतच इतका ओलावा असतो की हा गोंद अपेक्षेआधी धरतो आणि उघडलेली नळी आठवड्याभरात आतल्या आत घट्ट होऊ लागते. नळी बंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी आणि वापरण्याआधी ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर थंड नळीवर दव धरून तेच पाणी आत जातं.

पण गोंदाचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, समोर कोणतं प्लास्टिक आहे? नव्वदच्या दशकात बनलेल्या कवचांच्या आतल्या बाजूला पुष्कळदा दोन कोनी खुणांच्या मध्ये 'एबीएस' किंवा 'पीसी अधिक एबीएस' असं कोरलेलं असतं. त्याआधीच्या यंत्रांवर असली खूण क्वचितच सापडते. तिथे मी आतल्या, कधीच न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने ॲसिटोनचा थेंब टेकवते. एबीएस असेल तर पृष्ठभाग लगेच मऊ, चिकट होतो. पॉलिप्रॉपिलीनवर काहीच घडत नाही आणि ज्याच्यावर काहीच घडत नाही त्याला बहुतेक गोंदही धरत नाहीत. पॉलिकार्बोनेट, म्हणजे त्या खुणेतलं 'पीसी', तिसऱ्याच तऱ्हेने वागतं. ते धुरकट होतं, त्यावर कोळ्याच्या जाळीसारख्या बारीक चिरा उठतात आणि आधीच ताणाखाली असलेला भाग डोळ्यांदेखत तडकू शकतो. म्हणून ही परीक्षा कवचाच्या आतच, तीही थेंबभरच, आणि स्क्रूच्या भोकापासून लांब करावी.

एबीएस हे नाव तीन घटकांचं: ॲक्रिलोनायट्राइल, ब्यूटाडाईन आणि स्टायरीन. यातलं ब्यूटाडाईन रबरासारखं. त्याचे अतिसूक्ष्म कण कडक प्लास्टिकमध्ये विखुरलेले असतात आणि बसलेला धक्का तेच पचवतात. ऊन आणि प्राणवायू आधी या रबरावरच हल्ला करतात, कारण त्याच्या रेणूतले दुहेरी बंध त्यांना सहज सापडतात. रबर कडक झालं की उरतं ते काचेसारखं तडकणारं प्लास्टिक. जुनी कवचं वरून ठीकठाक दिसतात आणि हातात कपची येते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बनलेल्या मॅकिंटॉश यंत्रांची कवचं इतकी नाजूक झाली आहेत की जुन्या मॅकच्या शौकिनांनी त्या प्लास्टिकला तेव्हाचे ॲपलप्रमुख मायकेल स्पिंडलर यांचंच नाव देऊन टाकलं.

एबीएस जर खरंच एबीएस असेल आणि तुकडे नीट जुळत असतील, तर मला सर्वांत आवडणारा जोड बिनगोंदाचा आहे. ॲसिटोन किंवा त्याच्या कुळातलं मिथिल इथिल कीटोन दोन्ही कडांना लावायचं, कडा मऊ झाल्या की दाबून धरायच्या. दोन्हीकडच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत शिरतात, द्रावक उडून जातं आणि मागे फक्त तेच प्लास्टिक उरतं. दोन तुकड्यांच्या मध्ये तिसरा पदार्थ शिल्लक राहत नाही, हे मला फार समाधान देतं. कपचा हरवला असेल तर एबीएसचा भुगा ॲसिटोनमध्ये विरघळवून श्रीखंडाइतकं दाट लुकण करायचं आणि खड्डा थराथराने भरायचा. लेगोचे ठोकळे १९६३पासून एबीएसचेच बनतात, त्यामुळे हव्या त्या रंगाचं शुद्ध एबीएस खेळण्यांच्या डब्यात मिळतं. त्याहून चांगलं म्हणजे त्याच जातीच्या, कामातून गेलेल्या यंत्राच्या कवचातली आतली पट्टी. रंग तर जुळतोच, शिवाय वयही जुळतं.

यात घाई मुळीच चालत नाही. वरून कोरडं झालेलं लुकण आत कित्येक दिवस ओलं असतं आणि ॲसिटोन उडेल तसं आकसत जातं. दुसऱ्या दिवशी कानशीने सपाट केलेला भाग आठवड्याने खोलगट दिसतो. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. ॲसिटोन उडताना पृष्ठभाग गार करतं, त्या गारव्याने हवेतलं बाष्प तिथे दवासारखं जमतं आणि जोड पांढरा पडून कमकुवत होतो. जुलै-ऑगस्टमध्ये मी हे काम काढतच नाही. आणि एक गोष्ट जिव्हाळ्याने सांगते. ॲसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. शेजारच्या खोलीत गॅस चालू असेल किंवा देवापाशी निरांजन तेवत असेल तर बाटलीचं झाकण उघडू नका. डायक्लोरोमिथेनच्या वाटेला तर घरी जाऊच नये. ते पॉलिकार्बोनेटसुद्धा जोडतं हे खरं, पण माणसाला ते इतकं घातक आहे की अमेरिकेने २०२४ साली घरगुती वापरासाठी त्यावर बंदी घातली.

पॉवरबुकच्या खुंटाला मात्र यातलं काही उपयोगी नव्हतं. तिथे एका बाजूला प्लास्टिक आणि दुसऱ्या बाजूला पितळ. ॲसिटोन पितळेला काय करणार? तिथे दोघांनाही धरणारं, फट भरणारं आणि जमताना फारसं न आकसणारं काहीतरी हवं होतं. म्हणजे इपॉक्सी.

आपल्याकडे इपॉक्सी म्हटलं की ॲरल्डाइट. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने १९४६ साली ते बाजारात आणलं. दोन नळ्या, एकीत राळ आणि दुसरीत ती कडक करणारं द्रव्य. दुकानदार सहसा पाच मिनिटांत जमणारं पुढे करतो. मी सावकाश जमणारं मागते. पटकन जमणारं इपॉक्सी हातातलं काम लवकर संपवतं, पण ताण आणि उष्णता त्याला कमी सोसते. सावकाश जमणाऱ्याला पूर्ण एक दिवस द्यावा लागतो. हिवाळ्यात त्याहून जास्त. ते पसरतं, कानाकोपऱ्यात शिरतं आणि चूक वाटली तर तुकडा हलवायला वेळही देतं. त्याआधी नटावरचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचा, नटाची बाहेरची बाजू कानशीने खरवडायची, प्लास्टिक चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं. स्क्रूला मेणाचा हात फिरवून तो नटात फिरवून ठेवायचा, म्हणजे आट्यांमध्ये इपॉक्सी शिरत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी बिजागरी. तिला थोडं तेल देऊन, मागेपुढे करून, ती हलकी फिरते की नाही हे पाहिल्याशिवाय इपॉक्सीची नळी उघडण्यात अर्थ नाही. खुंट मोडला तो बिजागरीमुळे. ती जड राहिली तर नवा जोडही मोडणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे जोड टिकेल आणि त्याच्या शेजारचं प्लास्टिक फुटेल.

हे शेवटचं वाक्य मला एका संग्रहालयात काम करणाऱ्या मैत्रिणीने नीट समजावून सांगितलं. तिच्याकडे फुटलेल्या मातीच्या घटांचं, काचेच्या भांड्यांचं काम येतं. ती म्हणाली, "अगं, जोड मूळ वस्तूपेक्षा थोडा कमजोरच हवा. पुन्हा धक्का बसला तर फुटू दे, पण जुन्याच रेषेवर. मूळ मातीला नवी भेग जाता कामा नये." आमच्या दुकानांतल्या गोंदाच्या खोक्यांवर किती किलो वजन पेलतं ते छापलेलं असतं. तिच्या कामात तो आकडा धोक्याची सूचना आहे. जुन्या, रबर गेलेल्या एबीएसवर पोलादी ताकदीचा जोड बसवला की ताण सरळ बाजूच्या जुन्या प्लास्टिकवर जातो. तेव्हा ताकद वाढवण्यापेक्षा क्षेत्र वाढवावं. मी खुंटाभोवती काचतंतूच्या कापडाचा छोटा गोल इपॉक्सीत भिजवून पसरला. बिजागरीचा जोर आता एका कडेवर न येता झाकणाच्या तळावर विखुरतो.

मैत्रिणीचा आवडता गोंद म्हणजे पॅरालॉइड बी-७२ नावाची ॲक्रिलिक राळ. पाण्यासारखी स्वच्छ, वर्षानुवर्षं न पिवळी पडणारी. काचेच्या आणि मातीच्या वस्तूंसाठी जगभरची संग्रहालयं ती वापरतात. कारण एकच: पन्नास वर्षांनी कुणाला तो जोड चुकीचा वाटला तर ॲसिटोनने विरघळवून तो सोडवता येतो. आपल्या जुन्या कारागिरांकडेही ही सोय होतीच. सुतारांचा सरस गरम पाण्याने सुटायचा. पुस्तक बांधणारे मैद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे, पण ती खळ ओलावली की पुठ्ठा वेगळा करता यायचा, पानं पुन्हा शिवता यायची.

मी बी-७२ची स्तुती ऐकली आणि मला वाटलं, सापडलं! मग लगेच ध्यानात आलं की एबीएसच्या बाबतीत हे सगळं उलटं फिरतं. जे ॲसिटोन बी-७२ सोडवतं तेच एबीएसही विरघळवतं. मातीच्या घटाला ॲसिटोनने काही होत नाही, संगणकाच्या कवचाचा मात्र पृष्ठभागच निघून येतो. फेविक्विकचंही तसंच: त्याला सोडवणारं औषध ॲसिटोनच, म्हणजे रोग आणि रोगी दोघांनाही लागू पडणारं. शिवाय बी-७२ साधारण ४० अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. युरोपातल्या वातानुकूलित दालनात त्याने काही बिघडत नाही. चंद्रपूर-नागपुरात मे महिन्यात सावलीतलं तापमान ४५ अंशांवर जातं. तिथे तो जोड हळूहळू सरकू लागेल.

संग्रहालयशास्त्राचं आणि प्लास्टिकचं नातं इथेच अवघड होतं. काच, माती, लाकूड, कागद यांच्यासाठी शतकानुशतकांचा अनुभव हाताशी आहे. प्लास्टिक टिकवण्याचा पद्धतशीर अभ्यास त्या मानाने फार अलीकडचा. इव्हॉन शाशुआ यांचं प्लास्टिकच्या जतनावरचं पुस्तक २००८ सालचं आहे. ज्या वस्तू 'कधीच खराब न होणाऱ्या' म्हणून घराघरांत आल्या, त्यांचं वय आता कुठे आपल्याला कळू लागलं आहे.

मग मी काय करते? जिथे भार नाही तिथे सुटणारं लावते. झाकणावरची धातूची नावपट्टी, समोरचा बिल्ला, रबरी पाय यांना पातळ दुहेरी चिकटपट्टी पुरते. ती थोडी ऊब देऊन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कडेने सोडून निघते आणि त्या अल्कोहोलने एबीएसला सहसा इजा होत नाही. आतली एखादी वायर जागच्या जागी धरायला गरम गोंदाची कांडी चांगली. अल्कोहोलचे दोन थेंब सोडले की तो गोंद अख्खा उचलून येतो. रिक डिकिन्सन यांनी रचलेल्या १९८२च्या झेडएक्स स्पेक्ट्रमची काळी धातूची पाटी मुळात दुहेरी चिकटपट्टीनेच बसवलेली होती. घाईने उपटली की ती कायमची वाकते. हेअर ड्रायरने सावकाश ऊब देऊन कोपऱ्यापासून उचलली तर सरळ हातात येते.

जिथे भार आहे तिथे आधी गोंद टाळता येतो का ते बघते. आयबीएमचा १९८५पासूनचा मॉडेल एम कीबोर्ड याचं उत्तम उदाहरण आहे. त्याची पोलादी पाटी आणि प्लास्टिकची चौकट प्लास्टिकच्याच वितळवून बसवलेल्या रिबिटांनी जोडलेली. वर्षानुवर्षांच्या टंकनानंतर रिबिटांची डोकी तुटून आत खुळखुळतात. ती परत चिकटवण्याच्या भानगडीत जाणकार पडत नाहीत. उरलेले खुंट तासून, तिथे बारीक भोकं पाडून छोटे नटबोल्ट बसवतात. मूळ घडणीत फरक पडतो, हे मान्य. पण तो कीबोर्ड पुढच्या माणसाला स्क्रूड्रायव्हरने उघडता येतो आणि मला ही दुरुस्ती मूळ घडणीपेक्षाही सरस वाटते. भार आहे आणि गोंदाला पर्यायच नाही, अशाच जागी मी इपॉक्सी वापरते, तेही आतल्या बाजूने आणि पुढे उघडावं लागणार नाही अशा ठिकाणी.

जुन्या यंत्रात आपण लावतो त्याहून कारखान्याने लावलेल्या गोंदाने जास्त त्रास दिलेला असतो, हेही लक्षात ठेवायला हवं. वीजपुरवठ्याच्या बोर्डांवर मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून क्लोरोप्रीन जातीचा पिवळसर गोंद ओतलेला असे. वर्षानुवर्षं उष्णता लागून तो तपकिरी आणि कडक होतो, मग वीज वाहून नेऊ लागतो, आम्लही सोडतो आणि शेजारच्या घटकांचे पाय कुरतडतो. असं यंत्र हाती आलं की तो सगळा गोंद खरवडून काढणं हे माझं पहिलं काम. त्या जागी सिलिकोन लावायचं तर व्हिनेगरसारख्या वासाचं मुळीच नको, कारण तो वास असेटिक आम्लाचा असतो आणि तांब्याला ते खातं. बिनआम्लाचं सिलिकोन थोडं महाग पडतं, पण तेच घ्यावं. ॲपल लिसा आणि पहिला कॉम्पॅक पोर्टेबल या १९८३च्या यंत्रांचे कीबोर्ड तर फोमच्या चकत्यांवर चालायचे. तो फोम आज हात लावताच भुकटी होतो, प्रत्येक कळीखालची चकती नवी करावी लागते. मऊ वायरींचाही एक धोका: त्यांच्यातलं तेलकट मऊकारक द्रव्य शेजारच्या कवचात उतरतं आणि प्लास्टिकवर वायरीच्या आकाराची खोल खाच पडते. म्हणून जुना संगणक त्याच्याच वायरीत गुंडाळून ठेवू नये.

पिवळेपणाबद्दल लोक सगळ्यांत आधी विचारतात, म्हणून थोडक्यात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश वापरून कवच पुन्हा उजळण्याची रीत शौकिनांनी २००८च्या सुमारास बसवली. रंग येतो, पण पुष्कळदा काही वर्षांत पिवळेपणा अंधारात ठेवलेल्या कवचावरही परततो. प्लास्टिकची गेलेली लवचीकता त्याने अजिबात परत येत नाही. माझ्या पॉवरबुकसाठी मी त्या रीतीच्या वाटेला गेले नाही आणि फिकट यंत्रांसाठीही जाणार नाही. पिवळं कवच नीट उघडमिट होणारं असेल तर ते मला पांढऱ्या, फुटक्या कवचापेक्षा कितीतरी प्रिय आहे.

आपल्याकडे अशी यंत्रं अजून आहेत. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक योजनेत बीबीसी मायक्रो भारतातल्या शाळांमध्ये आले होते. छापखान्यांनी आणि जाहिरात संस्थांनी मांडणीसाठी मॅकिंटॉश घेतले होते. त्यातलं एखादं तुमच्या शाळेच्या कपाटात, कार्यालयाच्या माळ्यावर किंवा काकांच्या घरी असेल. ते भंगारात देऊ नका. आणि कुठे काही तुटलेलं दिसलं तर लगेच गोंद लावू नका. तुटलेला प्रत्येक कपचा, अगदी नखाएवढासुद्धा, कागदात बांधून त्याच यंत्राच्या आत ठेवा. प्लास्टिक कोणतं ते आतल्या कोपऱ्यात पाहा. आणि जे काही लावाल त्याचं नाव, लावल्याची तारीख आणि ते कशाने सुटतं एवढ्या तीन गोष्टी एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी झाकणाच्या आत ठेवा. शाई ओलाव्याने पसरते, पेन्सिल राहते. माझ्या पॉवरबुकमध्ये अशी चिठ्ठी आहे. ती भाच्याने लिहिली आहे.